छायाद्रव्याचा मुक्काम

इसवी सन १८९५ च्या डिसेंबरअखेर व्युर्ट्सबुर्गच्या विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांविषयीचा आपला पहिला निबंध सादर केला, आणि त्यानंतर पुरता महिनाही लोटला नसेल तोच व्हिएन्ना येथे एदुआर्ड हाशेक आणि ऑटो लिंडेन्थाल या दोघांनी शरीरापासून विलग केलेल्या एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत चुना, हिंगूळ आणि खनिज तेल यांचे मिश्रण भरले, त्या हातावर ५७ मिनिटे किरण सोडले, आणि मनगटापासून बोटांच्या अग्रांपर्यंत पसरलेले धमन्यांचे जाळे काचेवर उमटवून दाखविले. क्ष-किरणांना हाड दिसते, कारण हाडातील कॅल्शियम त्यांना अडवते. पण रक्त, स्नायू, यकृत, आतडी, मेंदू हे सारे त्या किरणांच्या दृष्टीने पाण्याहून फारसे निराळे नाही, आणि म्हणून ज्या अवयवांत रोग बहुधा घर करतो तेच अवयव छायाचित्रात एकमेकांत मिसळून जातात. त्या मिसळीतून एखादा अवयव वेगळा काढायचा, तर त्याच्या पोकळीत किंवा त्याच्या रक्तात किरणांना अडविणारे एखादे जड द्रव्य नेऊन ठेवणे भाग होते. व्हिएन्नाच्या त्या मिश्रणाने ही गोष्ट साध्य होते एवढे सिद्ध केले. परंतु तो हात जिवंत माणसाचा असता, तर हिंगुळातील पाऱ्याने आणि तेलाने त्याची काय गत झाली असती हे सांगावयास नको.

आज आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणीही 'डाय टाकून सीटी काढून आणा' असे वाक्य रुग्णाच्या कानी सहज पडते. त्या 'डाय'ला, म्हणजे डॉक्टरांच्या काँट्रास्टला, मी या लेखात छायाद्रव्य म्हणणार आहे. या द्रव्यांच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहताना माझे एक मत उत्तरोत्तर दृढ होत गेले आहे: छायाद्रव्याचा लाभ डोळ्यांना तत्काळ दिसतो, म्हणून त्याची पारख नेहमी त्याने पाडलेल्या छायेवरून झाली, आणि त्याची हानी ज्या प्रश्नावर अवलंबून होती तो प्रश्न, म्हणजे काम संपल्यावर हे द्रव्य शरीरातून केव्हा आणि कोणत्या वाटेने बाहेर पडणार हा, वारंवार मागे राहिला. ज्या एका द्रव्याच्या बाबतीत या विसराची किंमत सर्वांत भयंकर ठरली त्याची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. पण तिथवर पोहोचण्यापूर्वी त्याच्या आधीच्या तीस-पस्तीस वर्षांचा मार्ग थोडक्यात चालून गेले पाहिजे.

पहिला मार्ग अर्थातच मुखावाटेचा होता. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या तरुणाने १८९६ च्या अखेरीपासून प्राण्यांना अन्नाबरोबर बिस्मथचा क्षार चारून त्यांच्या अन्ननलिकेची आणि जठराची हालचाल पडद्यावर पाहण्यास आरंभ केला. आणि मांजर चिडले किंवा भ्यायले की त्याच्या जठराच्या लाटा जागच्या जागी थांबतात हे त्याच्या नजरेस आल्यामुळे, भावना आणि शरीर यांच्या संबंधाविषयीचे त्याचे पुढचे सारे विख्यात संशोधन त्या एका निरीक्षणातून उगवले. म्यूनिकच्या हेर्मान रीडर यांनी १९०४ मध्ये हीच रीत माणसांसाठी रूढ केली. परंतु बिस्मथ सबनायट्रेटचे आतड्यातील जंतूंकडून नायट्राइटमध्ये रूपांतर होते आणि ते नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच हिरावून घेते, ही गोष्ट काही रुग्ण दगावल्यानंतर उमगली. १९१० च्या सुमारास जर्मनीत बाखेम आणि ग्युन्टर यांनी बेरियम सल्फेट पुढे आणले, आणि 'बेरियम मील' ही तपासणी जगभर स्थिर झाली. येथे एक बाब ध्यानात धरण्यासारखी आहे. बेरियमचे विरघळणारे क्षार हे जालीम विष आहे. त्याचे कार्बोनेट उंदीर मारण्याच्या कामी येत असे. सल्फेट मात्र पाण्यात विरघळत नाही, आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरत नाही, आणि ज्या वाटेने अन्न जाते त्याच वाटेने दोन दिवसांत बाहेर पडते. त्याची निरुपद्रवता त्याच्या अंगच्या सौम्यपणात नसून त्याच्या प्रवासाच्या मार्गात आहे, आणि औषधविक्रेत्याने सल्फेटऐवजी बेरियमचा दुसरा क्षार बांधून दिल्यावर काय होते याचे दारुण दाखले त्या काळच्या वैद्यकाने पाहिले.

रक्तात सोडता येईल असे द्रव्य शोधण्याचे काम याहून पुष्कळच कठीण होते. मूत्रपिंडाचे चित्र घेण्यासाठी १९०६ मध्ये फ्योल्कर आणि फॉन लिख्टेनबेर्ग यांनी रुप्याचे सूक्ष्म कण असलेले कोलार्गोल मूत्रमार्गातून उलट्या दिशेने वर चढविले, आणि त्यापायी काही रुग्णांची मूत्रपिंडे कायमची बिघडली, काहींचे प्राणही गेले. मग आयोडीन आले, आणि ते जवळजवळ योगायोगाने आले. उपदंशाच्या रुग्णांना त्या काळी सोडियम आयोडाइडच्या मोठ्या मात्रा देत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये अशा रुग्णांचे क्ष-किरण चित्र घेतले असता त्यांचे मूत्राशय आपोआप छायेत उठून दिसते असे आढळले, आणि १९२३ मध्ये ऑस्बोर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. आयोडीनचा अणू किरणांना अडविण्याइतका जड आहे, आणि मूत्रपिंडे त्याला बाहेरही टाकतात. परंतु साध्या आयोडाइडच्या रूपात तो हवा तितका गडद होईपर्यंत द्यावा, तर रुग्णास तो सोसत नाही.

ही अडचण ज्या द्रव्याने दूर केली ते मुळात गुरांच्या वैद्यकातले होते. बर्लिनच्या कृषिविद्यालयातील बिन्झ आणि रेट या रसायनज्ञांनी जंतुनाशक म्हणून तयार केलेली आयोडीनयुक्त संयुगे गायींच्या कासेच्या दाहावर वापरली जात होती. न्यूयॉर्कहून जर्मनीत अभ्यासासाठी आलेल्या मोझेस स्विक या तरुण डॉक्टरच्या मनात आले, की या संयुगांतील आयोडीन सेंद्रिय साच्यात घट्ट बांधलेले असून ते मूत्रावाटे बाहेर पडते, तेव्हा तीच चित्रासाठी का वापरू नयेत. त्याने आधी हॅम्बुर्गजवळच्या आल्टोना येथे आणि नंतर बर्लिनमध्ये त्याच फॉन लिख्टेनबेर्ग यांच्या विभागात काम करून उरोसेलेक्टान सिद्ध केले. १९२९ च्या सप्टेंबरात म्यूनिक येथील मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत ते जगापुढे आले. श्रेयाचा वाद मात्र तेथेच पेटला. वरिष्ठाने कनिष्ठाचे नाव झाकोळले, आणि स्विकला त्याचा मान मिळायला उतारवयाची वाट पाहावी लागली. आपल्याकडील जुन्या डॉक्टरांना आणि मूतखड्याच्या रुग्णांना ठाऊक असलेली 'आयव्हीपी' ही तपासणी याच शोधाची संतती आहे.

आता लिस्बनकडे वळू. पन्नाशी ओलांडलेले एगास मोनीश हे मज्जासंस्थेचे प्राध्यापक तर होतेच, पण पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्रीही राहिले होते आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस येथील शांतता परिषदेत त्यांनी आपल्या देशाच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व केले होते. राजकारणातून निवृत्त झाल्यावर मेंदूतील गाठ कवटी न उघडता कशी शोधावी या एका प्रश्नाने त्यांना घेरले. मेंदूच्या धमन्यांचा मार्ग दिसला, तर गाठीने त्या कोठे ढकलल्या आहेत तेही दिसेल, असा त्यांचा तर्क होता. संधिवाताने त्यांचे हात निकामी झालेले असल्यामुळे शस्त्र धरण्याचे काम आल्मेदा लिमा हे तरुण शल्यविशारद करीत. प्रथम त्यांनी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइडचे तीव्र द्रावण योजले; त्या प्रयोगात एक रुग्ण मृत्यू पावला. मग ते सोडियम आयोडाइडच्या २५ टक्के द्रावणाकडे वळले, आणि २८ जून १९२७ रोजी पीयूषिका ग्रंथीच्या गाठीने पीडलेल्या एका तरुणाच्या मेंदूच्या धमन्या, जिवंत माणसाच्या कवटीतून प्रथमच, स्पष्ट दिसल्या. दोनच वर्षांनी त्याच शहरात रेनाल्दो दुश सांतुश यांनी महाधमनीचे चित्र घेतले. लिस्बनच्या या कामगिरीचे मोल कमी लेखण्याचे काहीही कारण नाही. कवटी उघडण्यापूर्वी शल्यविशारदाच्या हाती नकाशा यावा, ही गोष्ट तोवर कल्पनेतही नव्हती.

परंतु आयोडाइड धमनीत शिरताना रुग्णास असह्य वेदना होत, कधी झटके येत, कधी अर्धांगवायूची लक्षणे दिसत. मोनीश त्याहून सौम्य द्रव्याच्या शोधात होते, आणि असे एक द्रव्य ड्रेस्डेनजवळ राडेबॉयल येथील हायडेन या रासायनिक कारखान्याने नुकतेच बाजारात आणले होते. त्याचे नाव थोरोट्रास्ट. थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, शेकडा २५ च्या सुमारास, डेक्स्ट्रिनच्या आधाराने द्रवात तरंगत ठेवलेले, एवढीच त्याची घडण होती. थोरियमचा अणुक्रमांक ९०, आयोडीनचा ५३. त्यामुळे छाया अत्यंत गडद पडे. शिवाय ते टोचताना दुखत नसे, रुग्ण तोंड वेडेवाकडे करीत नसे, झटके येत नसत, तात्कालिक विकार म्हणून काही नाव घेण्याजोगे घडत नसे. जपानात ओका आणि बर्लिनमध्ये राट यांनी ते शिरेतून दिले असता यकृत आणि प्लीहा हे दोन्ही अवयव चित्रात असे काही उजळून निघाले, की त्यांतील गाठी आणि गळवे प्रथमच बाहेरून मोजता आली. १९३१ पासून मोनीश यांनी मेंदूच्या धमन्यांसाठीही थोरोट्रास्टच पसंत केले, आणि त्यांच्या शब्दाचे वजन असे होते की युरोपातील इतर शाळांनी त्यांचे अनुकरण केले.

हे थोरियम कोठून आले, हा प्रश्न आपल्या वाचकाला दूरचा वाटू नये. वीज येण्यापूर्वी, आणि खेडोपाडी ती आल्यानंतरही कितीतरी वर्षे, वरातीपुढे, तमाशाच्या फडात आणि कीर्तनाच्या मांडवात जी गॅसबत्ती जळत असे, तिच्या त्या पांढऱ्याशुभ्र जाळीदार मेंटलमध्ये थोरियम डायऑक्साइडच असे, शेकडा ९९ च्या जवळपास, आणि उरलेला अंश सेरियमचा. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांच्या या मेंटलमुळेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थोरियमचा जगव्यापी व्यापार उभा राहिला; ब्राझीलच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळू, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर त्रावणकोर संस्थानात, काथ्याला चिकटून आलेल्या वाळूच्या कणांवरून माग काढून सापडलेली मनवळकुरिचीची वाळू, ही त्या व्यापाराची दोन मोठी भांडारे होती. ज्या पदार्थाच्या शुद्धीकरणाचे सर्व कसब गॅसबत्तीच्या धंद्याने आधीच सिद्ध करून ठेवले होते, तो औषधांच्या कारखानदारास मुबलक आणि माफक दरात उपलब्ध होता, आणि याही गोष्टीचा त्याच्या प्रसाराशी संबंध असला पाहिजे असे मला वाटते.

थोरियम किरणोत्सर्गी आहे हे गुपित नव्हते. १८९८ मध्येच ते समजले होते. शिवाय थोरोट्रास्ट बाजारात येण्याच्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीच्या घड्याळ-कारखान्यांतील, रेडियमचा रंग भरताना कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करणाऱ्या मुलींचे जबडे कुजून जात होते, आणि शरीरात साठलेल्या किरणोत्सर्गी पदार्थाची करणी हॅरिसन मार्टलँड या वैद्याने १९२५ मध्येच मांडून दाखविली होती. १९३२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषधविषयक समितीने थोरोट्रास्ट शिरेतून देण्यास मान्यता नाकारली, आणि कारण नेमके दिले: हे द्रव्य शरीराबाहेर पडत नाही, आणि ते किरणोत्सर्गी आहे. म्हणजे इशारा नव्हता असे कोणासही म्हणता येणार नाही. मग तो इशारा का मानला गेला नाही? या प्रश्नाचे उत्तर केवळ लोभ किंवा बेपर्वाई असे देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. ज्या डॉक्टरपुढे मेंदूत गाठ असलेला मनुष्य निजलेला आहे, ज्याला हे ठाऊक आहे की आयोडाइड टोचले तर या माणसाला झटके येतील आणि काहीच न टोचले तर शस्त्रक्रिया अंधारात करावी लागेल, त्याच्या तराजूच्या एका पारड्यात आजचा दिवस असतो आणि दुसऱ्यात वीस वर्षांनंतरचा, अजून कोणी न पाहिलेला एक संभव. त्या काळी मात्रा अल्प आहे, किरणोत्सर्ग क्षीण आहे, रुग्ण तसाही फार काळ जगणार नाही, अशी समर्थने दिली गेली, आणि त्यांतील एकेक समर्थन सुटे घेतले तर अगदीच अविचाराचे नव्हते. चूक त्यांच्या बेरजेत होती. कारण एकदा द्रव्य हाताशी आले, सुलभ झाले, वेदनारहित ठरले, की ते केवळ मरणोन्मुख रुग्णांपुरते राहत नाही. पायाला गोळी लागलेल्या विशीतल्या सैनिकाच्या धमनीचे चित्रही त्यानेच घेतले जाते, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानच्या लष्करी इस्पितळांत तसे ते घेतलेही गेले.

थोरोट्रास्टचे शरीरात काय होत असे? रक्तात आलेले परके कण गिळून टाकणाऱ्या ज्या पेशी यकृतात, प्लीहेत आणि अस्थिमज्जेत असतात, त्या हे कण गिळीत, आणि कण तेथेच राहत. कारण थोरियम डायऑक्साइड कशातही विरघळत नाही, पित्तावाटे जात नाही, मूत्रावाटे जात नाही. अर्ध्याहून अधिक भाग यकृतात स्थिरावे. टोचताना गळ्यातील धमनीबाहेर थोडे झिरपले, तर तेथे दगडासारखी गाठ धरे आणि ती वर्षानुवर्षे शेजारच्या नसांना आवळीत राही. थोरियमचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे आहे. मनुष्याच्या हयातीत त्याचा क्षय होऊन ते संपेल ही आशा अर्थशून्य आहे. त्याच्यातून आणि त्याच्या अपत्य-मूलद्रव्यांतून निघणारे अल्फा कण मिलिमीटरच्या अल्पशा अंशापलीकडे जात नाहीत, परंतु त्या अल्प अंतरातील पेशींवर त्यांचा आघात रात्रंदिवस चालू राहतो. १९३५ साली टोचलेल्या माणसाचे पोटाचे साधे छायाचित्र १९६५ साली काढले, तरी त्याची प्लीहा काहीही न टोचता तशीच गडद दिसे. ज्या गुणासाठी हे द्रव्य वाखाणले गेले, म्हणजे ते अवयवात टिकून राहते आणि सावकाश चित्र घेऊ देते, तोच त्याचा दोष होता. गुण आणि दोष असे दोन वेगळे पदार्थ त्यात नव्हतेच.

१९४७ मध्ये अमेरिकेत मॅकमेहॉन, मर्फी आणि बेट्स यांनी थोरोट्रास्ट टोचल्यानंतर बारा वर्षांनी यकृताच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उद्भवलेल्या कर्करोगाची हकीकत प्रसिद्ध केली. हा कर्करोग एरवी इतका विरळा, की एखाद्या रोगनिदानतज्ज्ञाच्या उभ्या आयुष्यात तो एकदाही न दिसावा. त्यानंतर मात्र तशा हकीकती पोर्तुगालमधून, डेन्मार्कमधून, जर्मनीतून आणि जपानमधून येऊ लागल्या, आणि १९५० च्या दशकात हे द्रव्य हळूहळू वापरातून गेले. जगात एकंदर किती माणसांना ते टोचले गेले याचे अंदाज दहा-वीस लाखांपासून पुष्कळ वरपर्यंत जातात.

यानंतर जे झाले ते मला या सर्व इतिहासात सर्वाधिक आदरणीय वाटते. वरील देशांतील संशोधकांनी १९३० आणि १९४० च्या दशकांतील इस्पितळांची जुनी दप्तरे उपसली, शस्त्रक्रियागृहांच्या नोंदवह्यांतून आणि लष्करी कागदपत्रांतून नावे टिपली, आणि त्या माणसांचा, ती जिवंत असोत वा नसोत, शोध घेतला. युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या शहरांतून, देशाची फाळणी झालेल्या जर्मनीतून, बदललेल्या पत्त्यांवरून. डेन्मार्कमध्ये फाबर यांनी हे काम फार लवकर हाती घेतले. जर्मनीत १९६८ पासून हायडेलबेर्ग येथून फान काइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २,३०० थोरोट्रास्ट-रुग्ण आणि त्याच इस्पितळांतील, थोरोट्रास्ट न मिळालेले सुमारे १,९०० रुग्ण यांची दशकानुदशके तुलना केली. पहिल्या गटात यकृताच्या कर्करोगाचे रुग्ण साडेचारशेच्या आसपास निघाले. दुसऱ्या गटात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कर्करोग उमटण्यास बहुधा वीस ते तीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागला. यकृत आक्रसून जाण्याचा विकार आणि रक्ताचा कर्करोग यांचे प्रमाणही स्पष्टपणे वाढलेले आढळले. या रुग्णांना त्या संशोधनातून स्वतःस लाभण्याजोगे फार थोडे होते; परंतु शरीरात साठलेल्या अल्फा किरणोत्सर्गाचा धोका किती, हे आज अणुउद्योगातील कामगारांच्या संरक्षणासाठी ज्या आकड्यांवरून ठरवितात, त्यांतला मोठा भाग याच माणसांच्या देहांवरून मिळालेला आहे. मोनीश यांना १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते मेंदूवरील एका वेगळ्याच, आज निषिद्ध मानलेल्या शस्त्रक्रियेसाठी; धमन्यांच्या चित्रणासाठी, ज्यावर त्यांचा खरा अधिकार होता, ते मिळाले नाही.

थोरोट्रास्ट मागे पडले ते केवळ भीतीने नव्हे; मध्यंतरी आयोडीनची संयुगे सुधारली होती. एका षट्कोनी वलयावर आयोडीनचे तीन अणू बसविण्याची युक्ती साधली आणि १९५० च्या दशकात डायट्रिझोएट आले, जे पुढे तीसेक वर्षे जगभर वापरले गेले. ते काही तासांत मूत्रावाटे निघून जाई. म्हणजे मुक्कामाचा प्रश्न सुटला होता. परंतु ते क्षार असल्यामुळे पाण्यात त्याचे दोन तुकडे होत, आणि त्या द्रावणाचा परासरणदाब रक्ताच्या पाच ते सात पट भरे. धमनीत सोडताच रुग्णास आग लागल्यासारखे वाटे. स्वीडनमधील माल्मो येथील टॉर्स्टेन आल्मेन हा तरुण क्ष-किरणतज्ज्ञ ते पाहून अस्वस्थ होत असे. बाल्टिकच्या मचूळ पाण्यात डोळे उघडे ठेवून पोहता येते आणि पश्चिम किनाऱ्याच्या खाऱ्या समुद्रात ते झोंबतात, हा आपला अनुभव त्याने या वेदनेशी जोडला, आणि ज्याचे पाण्यात तुकडेच होणार नाहीत असे आयोडीनचे संयुग का करू नये, असा प्रश्न विचारला. मोठ्या औषधकंपन्यांनी त्याची तजवीज मान्य केली नाही. १९६९ मध्ये त्याने ती एका सैद्धांतिक जीवशास्त्राच्या नियतकालिकात छापली, आणि अखेर नॉर्वेतील नीगार्ड या तुलनेने लहान कंपनीने ती उचलून आधी मेट्रिझामाइड आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी आयोहेक्सॉल तयार केले. १९९० मध्ये जपानच्या काटायामा यांनी ३,३७,००० हून अधिक रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तीत जुन्या द्रव्याने तीव्र प्रतिक्रिया शेकडा ०.२२ रुग्णांत तर नव्याने ०.०४ रुग्णांत दिसली. किंमत जास्त म्हणून आपल्याकडे नवे द्रव्य सार्वत्रिक होण्यास विलंब लागला, आणि ज्याला परवडेल त्याला नवे व इतरांना जुने, असा भेद पुष्कळ काळ चालला. हे आपल्या वैद्यकाने विसरू नये.

आयोडीनच्या द्रव्याचे धोके आजही आहेत. अंगावर पित्त उठण्यापासून क्वचित श्वास कोंडून प्राण जाण्यापर्यंत प्रतिक्रिया येऊ शकतात. दुर्बल मूत्रपिंडांवर ताण पडू शकतो. थायरॉइड बिघडू शकते. पण काही भये अवास्तवही आहेत. कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी असलेल्याला हे द्रव्य चालत नाही, ही समजूत आपल्या किनारपट्टीवर फार आढळते. वस्तुतः ती ॲलर्जी त्या प्राण्यांतील प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. मूत्रपिंडाच्या हानीचे जुने आकडेही फुगलेले होते, कारण ज्यांची मूत्रपिंडे आजारपणाने तशीही ढासळत होती त्यांचा दोष सरसकट इंजेक्शनाच्या माथी मारला गेला होता. अवास्तव भयाची किंमतही रुग्णच मोजतो: फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी किंवा आतड्याचा तुटलेला रक्तपुरवठा छायाद्रव्याविना केलेल्या सीटीत सहसा दिसतच नाही.

मुक्कामाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो एमआरआयच्या दालनात. १९८८ मध्ये गॅडोलिनियमचे पहिले छायाद्रव्य मंजूर झाले. सुटे गॅडोलिनियम शरीरात कॅल्शियमच्या जागा अडविते म्हणून विषारी आहे. पण ते एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत बांधून दिले तर मूत्रपिंडे त्या पकडीसकट त्याला बाहेर काढतात, असा त्याचा आधार होता, आणि मूत्रपिंडांच्या रुग्णांना आयोडीनपेक्षा हेच बरे असा सल्लाही सर्रास दिला जाई. १९९७ पासून डायलिसिसवरील काही रुग्णांची कातडी चामड्यासारखी टणक होऊ लागली, सांधे आखडले, काही कायमचे खिळले. या विकाराचा गॅडोलिनियमशी संबंध २००६ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रोबनर यांनी दाखविला: मूत्रपिंडे निकामी असल्यामुळे द्रव्य दिवसेंदिवस आत राही आणि सैल पकडीतून धातू सुटत असे. यंत्रणा या वेळी त्वरेने हलली; पुढच्याच वर्षी अमेरिकेत वेष्टनावर ठळक इशारा छापण्याचा हुकूम निघाला, आणि मूत्रपिंडांची तपासणी सक्तीची होताच तो विकार जवळजवळ नाहीसा झाला. परंतु २०१४ मध्ये जपानच्या कांदा यांनी, ज्यांना हे इंजेक्शन अनेकवार मिळाले आहे अशा रुग्णांच्या मेंदूच्या खोल भागांत त्याची खूण राहते असे दाखविले, आणि त्यांपैकी पुष्कळांची मूत्रपिंडे चांगली होती. या साठ्याने मेंदूस इजा होते असे अद्याप सिद्ध झालेले नाही. तरीही युरोपच्या औषधनियंत्रक संस्थेने २०१७ मध्ये सरळ साखळीची, म्हणजे सैल पकडीची, बहुतेक द्रव्ये शिरेतून देण्यास स्थगिती दिली आणि वलयाकार, घट्ट पकडीची द्रव्ये तेवढी ठेवली. पुराव्याची वीस-तीस वर्षे वाट न पाहता केवळ वास्तव्याच्या संशयावरून घेतलेला हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण येथे तोलायला दुसरे, अधिक चांगले द्रव्य हाताशी होते; १९३१ मध्ये मोनीश यांच्या हाताशी ते नव्हते. युरोपातील या द्रव्यांच्या कुप्यांवर आता सोलून काढता येणारी एक चिठ्ठी असते. इंजेक्शन दिल्यावर ती रुग्णाच्या कागदांवर चिकटवावी आणि शेजारी मात्रा लिहावी, असे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच नमूद केलेले आहे, म्हणजे पुढे कोणास या माणसाला कोणते द्रव्य, किती, केव्हा दिले गेले हे शोधावे लागले, तर त्याला फाबर किंवा फान काइक यांच्याप्रमाणे तीस वर्षांपूर्वीच्या दप्तरांतून नावे वेचीत बसावे लागणार नाही.